वाफा भरेपर्यंत

बायकोचं वर्षश्राद्ध आणि धाकट्या भावाच्या नातवाचं जावळ एकाच आठवड्यात आलं, ते साल दोन हजार दहा. साल लिहायला मी तेव्हा नुकताच शिकलो होतो. नऊचा आकडा अजून उलटा पडायचा.

श्राद्धाची पंगत उठली. पडवीत पाचसहा माणसं सुपारी कातरत बसली होती. त्यात माझ्या जावयाचा, विष्णूचा चुलता केरबा तात्या होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"सुतार पाव्हणं, आता वर्सही झालं. आईच्या आजारपणाला म्हणून सून माहेरी राहिली, आम्ही बोललो न्हाई. मग दुखवटा झाला, तवाबी बोललो न्हाई. आता नांदायला कवा पाठवताय?"

माझी एकुलती लेक वैजू माघारी येऊन दोन वर्षं होत आली होती. का आली ते तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं असं नाही. आली त्याच दिवशी विचारलं होतं. मारतो का? पितो का? बाहेर कुठं बाई आहे का? सासू खायला घालत नाही का? मग बोलत का नाहीस? तिनं तोंड उघडलं की माझा पुढचा प्रश्न तयारच असायचा. शेवटी ती "नको वाटतंय तिथं" एवढं म्हणाली आणि उठून गेली.

"पोरगी काम करती," मी केरबाला म्हणालो. "तिचं मशीन हाय."

"मशीन!" माझा धाकटा भाऊ दौलू मध्येच हसला. पुतणी माहेरी बसलेली, नातवाच्या जावळाला चार माणसांत मान खाली घालावी लागते म्हणून तो आधीच चिडलेला होता. "दादा, लाकूड कोरायला कॉम्प्युटर आणलाय तिनं. उद्या भाकरी थापायलाबी आणंल."

"मग चांगलंच की," केरबा म्हणाला. "आमच्याकडं घेऊन या म्हणावं. आमच्या बायकांचं हात तरी मोकळं व्हतील."

सगळी हसली. आतल्या दारात वैजू ताटं घेऊन उभी होती. ती हसली नाही आणि आतही गेली नाही.

मी पन्नास वर्षं सुतारकी केली. त्यातली तीस वर्षं कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना पॅटर्न करून दिले. ओतकामाला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तोच पॅटर्न. वाळूत दाबून तो काढला की मागं खळगा राहतो आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. केसभर इकडंतिकडं झालेलं चालत नाही. असलं काम करणाऱ्या माणसाला लोकांचं हसणं सोसत नाही.

"चौगुल्यांच्या फाउंड्रीचा पंख्याचा पॅटर्न आलाय," मी म्हणालो. "पंपातला पंखा, सहा वाकड्या पात्यांचा. पाडव्याच्या आत तिनं तो मशीनवर करून दिला, तर ती तिच्या कामावर उभी हाय असं समजायचं आणि हा विषय परत काढायचा न्हाई."

"आन् न्हाई झाला तर?"

"न्हाई झाला तर पाडव्याला मी सोता तिला तुमच्या गाडीत बसवतो."

केरबानं माझ्या हातावर हात मारला. आतून ताट पडल्याचा आवाज आला.

पाडव्याला तीन आठवडे होते.

*

ते मशीन आमच्या मागच्या शेडमध्ये होतं. लाकडाचं भक्कम टेबल, त्यावर दोन पोलादी दांड्या, दांड्यांवर सरकणारी कमान आणि कमानीला लाकूड कापणारं फिरतं पातं. टेबल मी केलं होतं, म्हणजे मी सांगितलं आणि वैजूनं केलं. कारण बायको गेली त्याच्या आदल्या साली माझा उजवा अंगठा रंधा मशीनमध्ये गेला. अंगठ्याशिवाय पटाशी धरता येत नाही.

वैजूनं लग्नाआधी आयटीआय केलेलं होतं. माघारी आल्यावर ती तालुक्याला झेरॉक्स मशिनं दुरुस्त करायला जायची. भंगारात निघालेल्या मशिनांतल्या मोटारी तिनं जमवल्या. त्यांना स्टेपर म्हणतात. ही मोटार पंख्यासारखी गरगर फिरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्याला दोनशे पावलं. कॉम्प्युटर म्हणाला एक, की ही एक टाकते. म्हणाला दहा, की दहा. असल्या तीन मोटारी, एक आडवी नेणारी, एक उभी, एक वरखाली.

"आन् पाऊल चुकलं तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर कॉम्प्युटरला कळत नाही, आप्पा. त्याला वाटतं टाकलं. तो पुढचं मोजत राहतो."

शेडचं दार ती कधी लावायची नाही. भुसा उडून अंगणात जायचा, शेजारची मांजरं आत येऊन निजायची, एकदा कुत्र्यानं वायर चावली. मी दार लोटलं की ती काही न बोलता उठायची आणि परत सताड उघडायची. धूळ बसेल म्हटलं तर म्हणायची, बसू दे.

पंख्याचं काम आलं आणि पहिल्या दिवशीच अडचण कळली. मशीन त्याच्या सवयीच्या चालीनं चाललं तर एका पॅटर्नला नऊ तास लागत होते. आणि वीज होती सहा तास. त्या वर्षी भारनियमन होतं. आमच्याकडं वीज सकाळी सहाला यायची, बाराला जायची. संध्याकाळी परत यायची, पण तेव्हा साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा दिसायचा. त्यावर मशीन चालत नव्हतं.

"सहा तास आज, तीन तास उद्या," मी म्हणालो. "त्यात काय?"

तसंच केलं. वीज गेली, मशीन थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी आपण कुठं होतो ते त्याला सांगता येईना. वैजूनं टोक लावून, डोळा बारीक करून पुन्हा जुळवलं. तरी पाचव्या पात्यावर जोड आला. बोट फिरवलं की नखाला अडायचा. चौगुल्यांच्या माणसानं पॅटर्न हातात घेतला, अंगठा फिरवला आणि परत दिला.

मुरलेल्या सागाचे असे तीनच ठोकळे माझ्याकडं होते. वीस वर्षं जपलेले. एक गेला.

"मग जोरात पळीव," मी म्हणालो.

दुसऱ्या ठोकळ्यावर तिनं चाल वाढवली. मिनिटाला तीनशे मिलिमीटरची पाचशे केली. अर्धा तास सगळं छान. मी खुर्चीवर बसून बघत होतो. मग आडवी मोटार घोगऱ्या आवाजात गुरगुरली, जागच्या जागी थरथरली आणि थबकली. बाकीच्या दोन चालूच. कॉम्प्युटरला वाटलं कमान पुढं गेली. कापणारं पातं मात्र एकाच ठिकाणी खोल खोल खात बसलं. वैजूनं धावत जाऊन बटण दाबलं, तोवर दोन पात्यांच्या मध्ये भलतंच भोक पडलं होतं.

"दुसरा गेला," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर मग पळवलंस कशाला एवढं?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून? तुला कळत न्हाई? मशीन तुझं का माझं? आता काय करणार? केरबाला काय सांगू?"

तिनं बिघडलेला ठोकळा टेबलावरून सोडवला आणि ती दाराबाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. पाडव्याला नऊ दिवस उरले होते.

*

सुताराच्या डोक्यात एक गोष्ट लहानपणापासून पक्की असते. तुळई वाकली तर जाड तुळई घाल. खिळा टिकला नाही तर मोठा ठोक. त्या बुधवारी मी एसटीनं कोल्हापूरला गेलो आणि उद्यमनगरातल्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून एक मोटार घेऊन आलो. सोललेल्या नारळाएवढी होती. पिशवीनं खांदा दुखला.

"ही बसीव," मी म्हणालो. "हिला थांबवून दाखव म्हणावं कुणीबी."

वैजूनं ती उलटीसुलटी केली. वरची चिठ्ठी वाचली. "आप्पा, ही नको वाटतंय."

"तुला सगळंच नको वाटतंय."

गुरुवारी सकाळी वीज आल्यावर तिनं मोटार बसवली. ठोकळा न लावता, नुसतंच हवेत चालवून बघायचं ठरलं. हळू चालीवर ती मोटार अशी ताकदीची की मी दोन्ही हातांनी कमान धरली तरी मला ओढत नेत होती. माझी छाती फुगली. म्हटलं, बघ.

मग तिनं चाल वाढवली. साडेतीनशे. चारशेला पोचायच्या आधीच ती नारळाएवढी मोटार गुरगुरली आणि गप्प झाली. लहान मोटार निदान पाचशेपर्यंत अर्धा तास टिकली होती. आणि हिच्यासमोर तर लाकूडही नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो. असं कसं होईल ते माझ्या डोक्यात शिरेना. मोठा बैल लहान बैलापेक्षा लवकर बसला.

दौलू संध्याकाळी येऊन गेला. मोटार बघून म्हणाला, "दादा, आता हत्ती आणा." जाताना दारात थांबला. "गाडी सांगितलीय केरबानं. पाडव्याला सकाळी दहाला. पोरीची बॅग भरून ठेवा. वैनी असती तर तिनं असं होऊ दिलं नसतं."

*

शुक्रवारी बाराला वीज गेली आणि शेडमध्ये एकदम शांत झालं. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता. वैजूनं तालुक्याच्या इंटरनेटवाल्याकडून छापून आणलेले कागद मांडीवर घेतले होते. दोन दिवस ती तेच वाचत होती.

"आप्पा, एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही काल सकाळी मोटारीवर हात ठेवला होता. हळू चालताना कशी लागत होती?"

"घट्ट. मूठ आवळल्यागत."

"आणि जोरात?"

"ढिली." मी आठवून पाहिलं. "मूठ आवळायच्या आधीच उघडल्यागत. नुसती थरथर."

ती कागदाकडं बघत राहिली. मग कागद बाजूला ठेवला आणि दारातून मळ्याकडं बोट दाखवलं. पलीकडं दौलूचा गडी उसाला पाणी पाजत होता. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून दार बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. आमच्याकडं त्याला दारं धरणं म्हणतात.

"तो दारं भराभरा फिरवायला लागला तर काय होईल?"

"काय व्हणार? वाफं भरायचं न्हाईत. नुसती माती ओली."

"मोटारीत तारेची गुंडाळी असते. तो वाफा. वीज म्हणजे पाणी. गुंडाळी विजेनं भरली की मूठ आवळते, पाऊल पडतं. पण भरायला वेळ लागतो. गुंडाळी विजेला लगेच आत येऊ देत नाही, आधी अडवते. हळू चाललो की प्रत्येक वाफा भरतो. जोरात पळवलं की हा भरायच्या आत दार पुढच्याला. कुठलाच भरत नाही. मग ताकद नाही, पाऊल नाही."

"मग ही थोरली मोटार..."

"मोठा वाफा. भरला तर खूप पाणी. पण भरायलाच जास्त वेळ."

मी त्या नारळाकडं पाहिलं. पन्नास वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

"म्हणजे उपाय न्हाईच."

"आहे. वाफा लहानच ठेवायचा, पण पाण्याची टाकी उंचावर न्यायची. पाणी जोरानं आलं तर तेवढ्याच वेळात भरेल. आपण चोवीस व्होल्ट देतोय. अठ्ठेचाळीस दिले तर? मोटारीला वीज सोडणारा हा ड्रायव्हर पन्नासपर्यंत सोसतो, वर लिहिलंय. आणि वाफा भरला की दार तोच बंद करतो, फुटू देत नाही." ती जरा थांबली. "आणि उभं असताना एकदम पळ म्हणायचं नाही. गाडीला बैल जुंपल्यावर पहिली चार पावलं कशी देता, तसं."

ती हे सगळं सावकाश सांगत होती. एक सांगायची, माझ्याकडं बघायची, मला कळलं असं दिसलं की पुढचं. मला अक्षरंही तिनं अशीच शिकवली होती. अंगठा गेल्यावर मी रिकामा बसून भिंतीकडं बघायचो, तेव्हा एक दिवस पाटी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, डाव्या हातानं काढा. एकसष्टाव्या वर्षी. ग काढायला मला चार दिवस लागले. चार दिवस तिनं म काढला नाही. लहानपणी शाळेत मास्तरनं एका दिवसात सगळी बाराखडी फळ्यावर लिहिली होती आणि मी दुसऱ्या दिवसापासून गेलोच नव्हतो.

पत्रा वाजत होता. मी दाराकडं पाहिलं. सताड उघडं होतं. बाहेर इतकं ऊन की डोळे मिटत होते.

"वैजू," मी म्हणालो. "तू दार का लावत न्हाईस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. पुढचे पाच प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसले. मी ते गिळले. शेजारचं मांजर उठलं, आळस दिला, दुसऱ्या कुशीवर निजलं. गड्यानं मळ्यात दोन दारं बदलली. मी मोजली.

"त्यांच्याकडं धान्याची खोली आहे," ती म्हणाली. "खिडकी नाही. वर पत्रा."

मी मळ्यातली दारं मोजत राहिलो.

"तुमचे जावई मिलला कामावर गेले की मला आत ठेवायचे. संध्याकाळी आले की काढायचे. बाहेर कुणाशी बोलते म्हणून. सासूकडं किल्ली असायची. पण ती दार उघडायची नाही." तिनं बोटावरचा भुसा झाडला. "मला सवय झाली होती. पोत्यावर बसून मोजायची. हजार झाले की परत एकपासून. मग चैत्रात सगळी जोतिबाच्या जत्रेला गेली. म्हणाली संध्याकाळी येतो. दोन दिवसांनी आली. माझ्याजवळ एक तांब्या होता पाण्याचा."

मी म्हणालो, "आईला म्हाईत होतं?"

"सांगितलं होतं. ती म्हणाली, आप्पांना सांगू नकोस. कुणाचा तरी मुडदा पाडतील आणि तुरुंगात जातील."

मी उजव्या हाताकडं पाहिलं. त्या हातात पटाशीसुद्धा धरवत नव्हती. आणि त्याच हातावर केरबानं टाळी मारली होती.

*

जुन्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर तिनं तालुक्याच्या वाइंडिंगवाल्याकडून नव्यानं गुंडाळून घेतला. त्यात शनिवार-रविवार गेले. सोमवारी लहान मोटार परत बसवली. अठ्ठेचाळीस व्होल्ट. ठोकळा न लावता चालवलं. पाचशे. सहाशे. सातशेला मी हात ठेवला. मूठ घट्ट.

"पाचशेवरच चालवू," वैजू म्हणाली. "पाच तास चोवीस मिनिटं. सहाला सुरू केलं तर साडेअकराच्या आत होतंय."

मंगळवारी पाडवा. तिनं पहाटेच गुढी उभारली, तिसरा ठोकळा टेबलाला आवळला आणि बटणाशी बसून राहिली. सहा वाजले. वीज आली नाही. सव्वासहा. साडेसहा. सात वाजून पाच मिनिटांनी बल्ब लागला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. आकडे मला आता येत होते. साडेबारा.

"चाल वाढव," मी म्हणालो.

"लाकूड लागल्यावर सहाशेचं बघितलेलं नाही, आप्पा."

मी परत म्हणालो नाही.

दहाला जीप आली. केरबा, दौलू आणि आणखी दोघं. मी म्हणालो, बाराला वीज जाती, तवर बसा. ते अंगणात खाटेवर बसले. लिंबाचा पाला आणि गूळ दिला, तो केरबानं खाल्ला. मग उठून शेडच्या दारात आला आणि हात मागं बांधून बघत राहिला. कमान जात होती, येत होती. एक पातं, दुसरं, तिसरं लाकडातून वर येत होतं. मी तीस वर्षं हातानं केलं त्याहून सुबक.

"ह्ये तर खरंच करतंय की," दौलू हळूच म्हणाला.

चौथं झालं. पाचवं झालं. यंत्र एक पाऊल चुकलं नाही. सहावं पातं अर्धं वर आलं आणि बल्ब विझला. मशीनचं कापणारं पातं फिरत फिरत थांबलं. कॉम्प्युटर काळा झाला.

केरबानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बारा," तो म्हणाला. "पाव्हणं, शबूद दिलावता."

"दिलावता."

"मग पोरीला सांगा बसायला."

"ती येणार न्हाई. मी शबूद मोडला."

दौलू खाटेवरून उठला. "दादा, चार माणसांत..."

"केरबा," मी म्हणालो, "तुमच्या धान्याच्या खोलीला कुलूप का असतंय?"

केरबाचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. पण त्यानं मनगटावरचं घड्याळ उगाच पुन्हा पाहिलं. "कुलूप धान्याला असतंय," तो म्हणाला. मग आपल्याबरोबरच्या एकाला घेऊन जीपकडं गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. आधीच लिहिलेला. म्हणजे ही पाळी येईल असं त्यानं धरलं होतं.

"काडीमोड घ्या. देतो. सही करा आन् पोरगी तुमची. न्हाईतर मी हितनं हलत न्हाई, आन् उद्या दहा माणसं घेऊन येतो."

मी पेन घेतलं.

"थांबा, आप्पा," वैजू म्हणाली. "आधी वाचा."

मी वाचलं. सगळ्यांसमोर, बोट ठेवून, एकेक अक्षर. दौलूनं दुसरीकडं तोंड केलं. वरच्या ओळी सगळ्या काडीमोडीच्या होत्या. शेवटची ओळ लांब होती. मुलीच्या सासरच्या घराबद्दल आम्ही कुणापाशी, कधीही, वावगा शब्द काढणार नाही.

"ही ओळ नको," वैजू म्हणाली.

"मग पोरगी गाडीत बसू दे," केरबा म्हणाला.

"आप्पा, तिथं दुसऱ्या कुणाची तरी पोर जाईल."

"आपल्यापुरतं बघ," मी म्हणालो.

डाव्या हातानं मी सही केली. शिदाप्पा रामू सुतार. अक्षरं शिकल्यावर कुठल्याही कागदावर केलेली ती पहिली सही. "वावगं बोललासा तर काडीमोड मागं घेता येती," कागदाची दुसरी प्रत माझ्या हातात देत केरबा म्हणाला. जीप गेली. वैजू शेडमध्ये गेली आणि अर्धवट राहिलेल्या पात्यावर हात ठेवून उभी राहिली. पंधरा दिवसांनी चौगुल्यांनी मुंबईहून नवा ठोकळा आणून दिला आणि पॅटर्न झाला. त्यांनी तो घेतला. त्यानंतर आमच्याकडं कामाची तूट कधी पडली नाही.

*

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एक माणूस आला. आजऱ्याकडचा. धोंडिबा नाव, आमच्याच जातीचा, बैलगाड्यांची चाकं करणारा. वैजू पॅटर्न पोचवायला कोल्हापूरला गेली होती. मी एकटाच होतो. मशीन चालू होतं. त्यानं बराच वेळ ते कौतुकानं बघितलं, चहा घेतला, कप पालथा घातला.

"तुमची लेक केरबा तात्याच्या घरात होती," तो म्हणाला. "माझ्या अनसूयेला तितनं मागणी आलीया. पोटची एकच हाय. म्हणून म्हटलं, तुमास्नी विचारावं. घर कसं हाय?"

एवढंच विचारलं त्यानं. पुढचं काही विचारलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत बसला. मशीननं पात्याची एक कड कोरली तोवर तो थांबला.

कागद पेटीत होता. काडीमोड मागं घेता येते असं केरबा म्हणाला होता. मला एवढंच आठवत होतं.

"माणसं बरी हायेत," मी म्हणालो. "आमच्याच पोरीचं जमलं न्हाई."

त्यानं हात जोडले. एसटीला उशीर होईल म्हणून मीच त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो.

तो आला होता हे मी वैजूला सांगितलं नाही. अनसूयेची बातमी आली तेव्हा ती दारात बसून मोटारीच्या तारा सोलत होती. हातातलं काम खाली ठेवून तिनं विचारलं, "लग्नाआधी कुणी चौकशीला आलं नव्हतं का, आप्पा?" आणि ती थांबली. मी गप्प राहिलो तरी ती थांबूनच राहिली.

मी सांगितलं.

ती उठली. पेटीतून तो कागद काढला, घडी घालून कमरेला खोचला आणि आजऱ्याच्या गाडीला गेली. धोंडिबाच्या वकिलापुढं ती जे बोलली ते मी नंतर वाचलं. माझं नाव त्यात दोन ठिकाणी आहे. मला ते आता बोट न ठेवता वाचता येतं.

अनसूया विष्णू सुतार, माहेरची अनसूया धोंडिबा, वय बावीस, दोन हजार तेरा साली चैत्र पौर्णिमेला, घरातली सगळी जोतिबाच्या जत्रेला गेली असताना, त्या धान्याच्या खोलीत मेली. कुलूप बाहेरून होतं.